गाणाऱ्याला बसायला जागा

दरवर्षी २१ जून जवळ आला की मुंबईतील सभागृहे, मॉल आणि उपाहारगृहे जागतिक संगीत दिनाचे कार्यक्रम जाहीर करतात. त्यांपैकी काही विनामूल्य असतात, काहींना प्रवेशिका लागतात, तर काही ठिकाणी खाण्यापिण्याच्या बिलातच संगीताची किंमत मिसळलेली असते. या कार्यक्रमांत गाणारे-वाजवणारे कलावंत मनापासून गातात आणि श्रोतेही आनंदाने घरी जातात, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र ज्या कल्पनेतून हा दिवस जन्माला आला ती कल्पना या शहरात अद्याप पोचलेलीच नाही, असे माझे मत आहे. ती का पोचली नाही, याचे उत्तर आपल्या कायद्यांत, सार्वजनिक जागांविषयीच्या धोरणात आणि काही प्रमाणात आपल्या सामाजिक सवयींतही शोधावे लागेल.

फ्रान्समध्ये १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये मोरिस फ्लरे हे सांस्कृतिक मंत्रालयाच्या संगीत आणि नृत्य विभागाचे संचालक झाले. जाक लांग हे त्या वेळी मंत्री होते. फ्रेंच जनतेच्या सांस्कृतिक सवयींच्या एका पाहणीतून असे आढळले होते की, देशातील ५० लाख माणसे कोणते ना कोणते वाद्य वाजवतात आणि तरुणांमध्ये तर दर दोघांपैकी एकाला वाद्य येते. संगीताचे जाहीर कार्यक्रम मात्र मूठभर लोकांपुरतेच होते. ही ५० लाख माणसे वाजवतात कुठे आणि त्यांचे वाजवणे ऐकतो कोण, हा प्रश्न मंत्रालयाने स्वतःला विचारला. त्याचे उत्तर म्हणून २१ जून १९८२ रोजी रात्री साडेआठ ते नऊ असा अर्धा तास आपापले वाद्य घेऊन घराबाहेर या, असे आवाहन करण्यात आले. ‘संगीत सर्वत्र, मैफल कुठेच नाही’ हे फ्लरे यांचे सूत्र होते. दिवसाच्या फ्रेंच नावातही श्लेष आहे: ‘फेत द ला म्युझिक’ म्हणजे संगीताचा उत्सव, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘वाजवा, गा’ असा आज्ञार्थी होतो. १९८५ हे वर्ष युरोपीय संगीत वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून ही प्रथा फ्रान्सबाहेर पसरली आणि आज ती शंभरावर देशांत पाळली जाते. या सगळ्यात एक गोष्ट विसरता कामा नये, ती ही की ते आवाहन श्रोत्यांना उद्देशून नव्हते. ते वाजवणाऱ्यांना, आणि त्यातही हौशी वाजवणाऱ्यांना उद्देशून होते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. बहुतेक वर्षी हे प्रस्थान जूनमध्येच येते, म्हणजे जग संगीत दिन साजरा करत असते तेव्हा आपल्याकडे लाखो माणसे टाळ-पखवाजाच्या साथीने अभंग म्हणत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत असतात. त्या दिंडीत गायक कोण आणि श्रोता कोण, हे सांगता येत नाही. कोणाचा सूर थोडा हलला तरी शेजारचा त्याला सांभाळून घेतो, आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस चार पावले चालला की आपोआप टाळकऱ्यांत सामील होतो. संगीत सर्वत्र आणि मैफल कुठेच नाही, हे सूत्र याहून पूर्णपणे आणखी कुठे उतरले असेल असे मला वाटत नाही.

मुंबईनेही हे अनुभवलेले आहे. गणेशोत्सवात गिरगावच्या रस्त्यांवर सतरंज्या अंथरून शास्त्रीय गायनाच्या बैठका होत आणि नामवंत गवयांचे गाणे ऐकायला आजूबाजूच्या चाळींतली माणसे कठड्यांना टेकून रात्र जागवत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले आणि गिरणगावातील मैदानांवर, चाळींच्या चौकांत कामगारांसमोर गाऊ लागले. त्याआधी, १९३० च्या दशकात, भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी आंबेडकरी विचार गावागावांत आणि शहरी वस्त्यांत डफ-ढोलकीवर पोचवला होता. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी आपल्याबरोबर नमन-खेळे आणि जाखडी आणली. चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर नाही, तरी प्रत्येक वाडीत एक भजनी मंडळ असायचे. लोकल गाडीत ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या वेळी टाळ काढून बसणारी मंडळे ही त्याच परंपरेची फिरती शाखा होय. हे सगळे विनामूल्य होते, सार्वजनिक जागेत होते आणि बहुतांशी हौशी माणसांनी चालवलेले होते. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, चौक वाहनतळ झाले आणि त्याबरोबर गाण्याच्या जागाही गेल्या. मुंबईकरांची गाण्याची हौस कमी झाली, असे म्हणायला मात्र आधार नाही. कोणत्याही उपनगरात संध्याकाळी फिरलो तर तबल्याच्या, गिटारच्या, पेटीच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसतात. शिकणारी माणसे भरपूर आहेत, पण शिकलेले घेऊन बसायला जागा नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव इथे सांगतो, कारण मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शिकवणीतले आम्ही पाच जण एका रविवारी सकाळी घराजवळच्या बागेत पेटी आणि टाळ घेऊन बसलो होतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि एक नववीतला मुलगा होता. ध्वनिक्षेपक नव्हता, तबलाही आणलेला नव्हता. दुसरा अभंग संपायच्या आत रखवालदार आला आणि बागेत वाद्य वाजवायला मनाई आहे, परवानगी आणा, असे म्हणाला. परवानगी कुठून आणायची, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही ज्या खिडकीवर चौकशी केली तिथेही ते कोणाला सांगता आले नाही. अर्ज कार्यक्रमाचा आहे की चित्रीकरणाचा, मंच किती फुटांचा आहे, अनामत कोण भरणार, एवढेच प्रश्न आले. आम्हाला मंच नकोच होता. पाच माणसांनी बाकावर बसून गावे, यासाठी त्या व्यवस्थेकडे रकानाच नव्हता. त्या शिक्षिकाबाईंनी त्या दिवशी मुकाट्याने पेटीचा भाता बंद केला, तो प्रसंग मला अजूनही टोचतो.

रखवालदाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या मागे उभा असलेला विचार फार जुना आहे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा पाहावा. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या दिली आहे तिच्यात सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकायला काढणे यांपैकी कशाचीही सबब पुढे करून भिक्षा मागणे किंवा घेणे समाविष्ट आहे. म्हणजे रस्त्यावर गाऊन पैसे स्वीकारणारा माणूस हा या कायद्याच्या दृष्टीने कलावंत नाही. त्याचे गाणे ही भीक मागण्याची सबब ठरते. पहिल्याच वेळी दोषी ठरल्यास त्याला एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. हाच कायदा दिल्लीत लागू करण्यात आला होता आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील अनेक कलमे घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात, म्हणजे त्याच्या जन्मभूमीत, तो लागूच आहे. वासुदेव, पिंगळा, गोंधळी, भराडी, पोतराज, नंदीबैलवाले या ज्या लोककलावंतांची चित्रे आपण राज्याच्या संस्कृतीची ओळख म्हणून शाळेच्या भिंतींवर रंगवतो, ते प्रत्यक्षात फूटपाथवर येऊन उभे राहिले तर या व्याख्येत सहज बसतात. ज्या राज्याच्या कायद्यात गाणे ही सबब आहे, त्या राज्याच्या राजधानीत संगीत दिन साजरा करताना ही विसंगती आपल्याला खुपली पाहिजे. व्याख्येतले ‘गाणे’, ‘नाचणे’ आणि ‘खेळ करणे’ हे शब्द वगळण्यासाठी विधिमंडळात दुरुस्ती आणावी, ही माझी पहिली मागणी आहे.

रस्त्यावरच्या वादकाला मान्यता दिल्याने शहराची शिस्त बिघडते, असा अनुभव इतरत्र नाही. पॅरिसच्या मेट्रोने १९९७ पासून वादकांची चाचणी घेऊन त्यांना मान्यतापत्रे देण्याची पद्धत सुरू केली आणि सुमारे तीनशे कलावंत त्या पत्रांवर भुयारी मार्गांत वाजवतात. लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ मध्ये ठरावीक जागा आखून दिल्या. मुंबईतही २०१२ मध्ये ‘नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स’ या उपक्रमाने उपनगरी रेल्वे स्थानकांवर कलावंतांना रीतसर उभे केले होते, आणि घाईत असलेला मुंबईकर दोन मिनिटे थांबून ऐकतो हे त्यातून दिसले होते. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनीच रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवून ते नागरिकांना खुले केले, तेव्हा मरीन ड्राइव्हवर सायकली, दोरीच्या उड्या आणि गिटार एकत्र नांदली. प्रशासनाच्या मनात आले तर काय होऊ शकते, याचा पुरावा याच शहरात आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो, कारण तो मी हलका मानत नाही. मुंबईकर आवाजाने गांजलेला आहे. मिरवणुकांतील भिंतीएवढे ध्वनिक्षेपक, लग्नाच्या वराती, बारा महिने चालणारी बांधकामे आणि वाहनांचे भोंगे यांमुळे आजारी माणसाला झोप लागत नाही आणि परीक्षेला बसलेल्या मुलाला अभ्यास करता येत नाही. अशा शहरात आणखी एक संगीताचा दिवस म्हणजे आणखी एक छळ, असे कोणी म्हटले तर तो माणूस अरसिक ठरत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे अशाच माणसांच्या दीर्घ लढ्याचे फळ आहे. त्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला उघड्यावर बंदी आहे, आणि सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी न्यायालयात जाऊन २०१० मध्ये ते मैदान शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करवून घेतले, त्यामागची व्यथा खरी होती.

परंतु हे नियम नीट वाचले तर माझ्या मुद्द्याला त्यांचा आधारच मिळतो. लेखी परवानगीची अट ध्वनिक्षेपकाला आहे. शांतता क्षेत्राबाहेर, दिवसाउजेडी, ध्वनिक्षेपकाशिवाय वाजणाऱ्या पेटीला, सारंगीला किंवा गिटारला हे नियम परवानगी मागत नाहीत. ज्या आवाजाने आपण गांजलो आहोत तो वाद्यांचा आवाज नसून वर्धकांचा आवाज आहे. माणसाचा गळा आणि माणसाचा हात यांना निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे. पेटी वाजवणाऱ्याला पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला त्रास द्यायचा म्हटला तरी देता येत नाही. ढोल आणि ताशा यांचा अपवाद करावा लागेल, कारण चाळीस ढोल एकत्र वाजले तर वर्धकाची गरज उरत नाही, आणि त्यांच्यासाठी मैदाने व वेळ वेगळी ठेवावी हे मला मान्य आहे. म्हणून मुंबईतील संगीत दिनाचा पायाभूत नियम मला असा हवा आहे: ध्वनिक्षेपक नाही, रात्री दहानंतर नाही, इस्पितळाच्या आणि शाळेच्या आसपास नाही, आणि एवढे पाळणाऱ्या माणसाला परवान्याची गरज नाही. असा दिवस झाला तर शांततेसाठी लढणारे आणि गाण्यासाठी झुरणारे हे दोन पक्ष एकाच बाजूला आले आहेत, हे त्यांच्या लक्षात येईल. कान इतके बधिर झाले आहेत की न वाढवलेला आवाज म्हणजे काय, हेच शहरातल्या एका पिढीला ठाऊक नाही. दहा फुटांवरून ऐकलेल्या तंबोऱ्याची गुंजन त्यांच्या वाट्याला आलेलीच नाही.

सर्व प्रकारचे संगीत, असे या दिवसाचे वर्णन केले जाते. आपल्याकडे या शब्दांना फार मोठा अर्थ आहे, कारण आपल्या समाजाने वाद्यांनाही जाती लावल्या होत्या. सनई-चौघडा देवळाच्या नगारखान्यात गुरव-घडशांकडे, हलगी आणि डफ गावकुसाबाहेर, संबळ गोंधळ्याकडे, ढोलकी फडावर, आणि तंबोरा बैठकीच्या गादीवर. जे वाद्य रस्त्यावर वाजते ते हलके आणि जे सभागृहात वाजते ते भारी, ही समजूत जातीच्या त्या उतरंडीतूनच आलेली आहे आणि तिकिटाच्या दरांत ती आजही दिसते. मुंबईच्या बँड पथकांतील क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे कित्येक वादक अवघड गाणी पहिल्या फेरीत उचलतात. बँजो पथकातील मुलगा तारांवर बोटे फिरवतो तेव्हा त्याची तयारी पाहून थक्क व्हायला होते. पण वरातीत त्यांच्याकडे कोणी बघत नाही, सारे नाचणाऱ्यांकडे बघतात. चेन्नईत कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात विनामूल्य उत्सव सुरू केला, तिथे कर्नाटक संगीत आणि परई हे दलितांचे वाद्य एकाच अंगणात ऐकवले गेले. मुंबईत वरळी, माहीम, वर्सोवा येथील कोळीवाडे आहेत, धारावी आहे, माहीमच्या दर्ग्याजवळ कव्वाली गाणारे आहेत, वांद्र्याच्या जुन्या वस्त्यांत व्हायोलिन शिकवणारी ख्रिस्ती घरे आहेत, आणि रेल्वेच्या पुलाखाली रॅप रचणारी मुले आहेत. एका संध्याकाळी, एकाच फूटपाथवर, पन्नास पावलांच्या अंतराने ही सगळी बसली तर चालणाऱ्या माणसाला निवड करण्याची मुभा मिळेल. सभागृहात तिकीट काढून जाणारा माणूस आपल्याला आधीच आवडते तेच ऐकायला जातो. रस्त्यावर मात्र न मागितलेले कानावर पडते, आणि आवड बदलण्याची शक्यता तिथेच असते. विनामूल्य असण्याचे खरे मोल मला यात दिसते.

विनामूल्य या शब्दाबद्दल एक खुलासा करणे आवश्यक आहे. श्रोत्याला फुकट म्हणजे कलावंतालाही फुकट, असा अर्थ लावण्याची आपल्या आयोजकांना वाईट सवय आहे. ‘व्यासपीठ मिळते आहे, प्रसिद्धी मिळेल’ असे सांगून व्यावसायिक वादकाला बिदागीविना बसवणे हा अन्याय आहे. हौशी माणसाने हौसेने वाजवावे. पण ज्याचे घर तबल्यावर चालते त्याला महापालिकेने किंवा पुरस्कर्त्याने मोबदला दिलाच पाहिजे, आणि ज्याच्यापुढे श्रोत्यांनी स्वखुशीने पैसे ठेवले त्याला ते निर्भयपणे उचलता आले पाहिजेत. जालंधरचे हरवल्लभ संगीत संमेलन १८७५ पासून चालते आणि वाराणसीच्या संकटमोचन मंदिरातील समारोहात देशातले मोठे गवई रात्रभर गातात. दोन्हीकडे श्रोत्याला तिकीट नाही. फुकट ऐकवल्याने गाण्याची किंमत कमी होते, हे म्हणणे या दोन्ही ठिकाणच्या गर्दीने केव्हाच खोटे पाडले आहे. स्वामित्वहक्काचीही भीती बाळगण्याचे कारण नाही. १९५७ च्या कायद्याने हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर सादर केलेल्या संगीतरचनेला सवलत दिलेली आहे, मात्र बहुतेक मंडळांना ते माहीत नसते.

राहिला तारखेचा प्रश्न. २१ जूनला पॅरिसमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तिथल्या लोकांना ती लांब, उजेडाची संध्याकाळ बाहेर घालवावीशी वाटते. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २१ जूनला पेटीच्या पट्ट्या दमटपणाने फुगतात, तबल्याची शाई आणि पुडी उतरते, आणि उघड्यावर बसणे शक्य नसते. या दिवसाला छत शोधावे लागते आणि छत शोधता शोधता आपण पुन्हा मॉलमध्ये जाऊन पोचतो. जोएल कोहेन या अमेरिकी संगीतकाराने १९७६ मध्ये फ्रेंच रेडिओसाठी ही कल्पना प्रथम मांडली, तेव्हा त्याने वर्षातील दोन दिवस सुचवले होते: २१ जून आणि २१ डिसेंबर. न्यूयॉर्कमध्ये २१ डिसेंबरलाही रस्त्यांवर संगीताचे उपक्रम होतात. मुंबईसाठी हाच दिवस योग्य आहे. डिसेंबरात हवा कोरडी असते, वाद्ये सुरात राहतात, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि थोडी थंडी असली तर माणसे चार तास बाहेर बसू शकतात.

एवढ्यासाठी मोठा निधी लागणार नाही. प्रत्येक प्रभाग कार्यालयाने आपल्या हद्दीतील दहा-वीस जागा निवडून जाहीर कराव्यात: बागांचे कोपरे, रेल्वे स्थानकांबाहेरील चौक, समुद्रकिनाऱ्याचे कट्टे, मंडईचे बंद गाळ्यांसमोरचे ओटे. कूपरेजच्या बागेत एकोणिसाव्या शतकातला बँडस्टँड डागडुजी करून ठेवलेला आहे. ध्वनिक्षेपकाचा जन्मही झालेला नव्हता तेव्हा भोवती बसलेल्यांना बँड ऐकू यावा म्हणून तो तसा उंच चौथऱ्यावर, छपराखाली बांधलेला आहे. अशा कोपऱ्यांत जमिनीवर पांढऱ्या रंगाने एक वर्तुळ आखावे, जवळ एक पाटी लावून तिच्यावर वेळ आणि ध्वनिक्षेपकाला मनाई असल्याचे लिहावे, आणि येथे गाण्यासाठी किंवा वाजवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, हे वाक्य रखवालदाराला लांबूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावे.